मलिक अंबर : आधी पाणी, मग नगर

अलीकडे नव्या वास्तूंचे आराखडे आमच्यासमोर वरचेवर येतात. कोठे सांस्कृतिक सभागृह, कोठे दुकानांचे संकुल, कोठे शाळेची नवी इमारत. कागदावर काचेच्या उंच भिंती असतात, कोपऱ्यात एखादे हिरवेगार झाड रंगविलेले असते आणि खाली पर्यावरणपूरक हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. आम्ही वास्तुशास्त्राचे जाणकार नव्हे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविले गेले, बांधकाम नव्हे. तरीही एक साधा प्रश्न आम्ही विचारतो : येथे पाणी कोठून येणार? उत्तर बहुधा ठरलेले असते. बोअर घेऊ, आणि बोअर आटलीच तर टँकर आहे.

टँकर म्हणजे काय, हे पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या भागांतील आमच्या श्रद्धावंतांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच याच भूमीत वावरलेल्या एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. चारशे वर्षांपूर्वी त्याने एक नगर वसविले आणि त्याला डोंगरातले पाणी आणून दिले. तो आपल्या धर्माचा नव्हता. तो लढवय्या होता, त्याचे हात रक्ताने माखलेले होते, आणि त्याला संतपद बहाल करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. परंतु पाण्याचा प्रश्न त्याला जसा उमगला तसा फार थोड्या राज्यकर्त्यांना उमगला. त्याचे नाव मलिक अंबर.

इ. स. १५४८ च्या सुमारास इथियोपियात, ज्याला आपल्याकडे हबश म्हणत, त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. आईबापांनीच दारिद्र्यापोटी विकले की कोणी पळवून नेले, याविषयी जाणकारांत एकमत नाही. तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधील मोखा बंदराच्या बाजारात त्याची विक्री झाली. पुढे तो बगदादला गेला. तेथील मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने मुलाची हुशारी ओळखून त्याला लिहावयास, वाचावयास आणि हिशेब ठेवावयास शिकविले. अंबर हे नावही त्याला तेथेच मिळाले. अंबर हा एक मोलाचा सुगंधी पदार्थ. विकत घेतलेल्या माणसाला विकत मिळणाऱ्या वस्तूचे नाव देण्याची ती रीत होती.

भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात गेला आणि त्याच देशाला त्याने दुष्काळातून तारले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अंबरचे आयुष्य वाचताना ती वारंवार आठवते. मात्र योसेफाला अखेर आपले भाऊ भेटले, वृद्ध पित्याला मिठी मारता आली. अंबरला मागे वळून जाण्यासाठी घर उरले नव्हते.

१५७० नंतरच्या वर्षांत तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता व तोही एके काळी गुलाम होता. अहमदनगर हे तेव्हा दख्खनमधील एक अग्रगण्य शहर होते. १४९० मध्ये अहमद निजामशहाने त्याची स्थापना केली होती, आणि पावसाने पाठ फिरविलेल्या या पठारावर शहर जगवायचे तर दूरच्या गावांतून पाणी आणावे लागेल, हे निजामशाहीच्या कारभाऱ्यांनी जाणले होते. कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात येई. चढावर पंप नाही, वीज नाही. केवळ उताराच्या बळावर ते वाहत असे. राज्याचा कारभार कसा चालतो याचे पहिले धडे या अबोल गुलामाने याच नगरात पेशव्याच्या हाताखाली गिरविले.

१५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे भटकंतीची व चाकरीची. विजापूरच्या आदिलशाहीत असताना त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ मध्ये तो पुन्हा नगरच्या सेवेत आला तेव्हा मोगलांचे सैन्य किल्ल्याला वेढा घालण्याच्या बेतात होते आणि चांदबिबी प्राणपणाने लढण्यास सज्ज होत होती.

त्या वेळी शहराबाहेर तळ्याच्या मधोमध फराहबाग महाल उभा होता. १५८३ मध्ये तो पूर्णत्वास गेला होता. आजही तो उभा आहे, आणि ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी भर एप्रिलमध्ये दुपारी तेथे जावे असे आम्ही सुचवू. तळे कोरडे पडले आहे. तरीही त्या जाडजूड भिंतींच्या आत, उंच घुमटाखाली पाऊल टाकताच बाहेरचा उन्हाळा मागे राहतो. पूर्वी चारी बाजूंनी पाणी असे आणि वारा त्यावरून आत येई, तेव्हा तेथे किती गारवा असेल याची कल्पना करावी. हल्लीचे वास्तुविशारद ज्याला विजेविना शीतकरण म्हणतात, ते हेच. एका धर्मग्रामात आम्ही उत्साहाने पत्र्याचे सभागृह बांधून घेतले होते. मे महिन्यातील शिबिरात मुले बारा वाजता बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली, आणि आमची शिकवणीही त्यांच्यामागोमाग झाडाखाली गेली. फराहबाग आम्ही त्याआधी पाहिली असती तर बरे झाले असते.

ऑगस्ट १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली, चांदबिबी मारली गेली, बालराजा कैद झाला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. अंबरला तसे वाटले नाही. निजामशाही घराण्यातील एका तरुणाला त्याने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले आणि स्वतःची मुलगी त्याला दिली. पुढील पंचवीस वर्षे अकबर व जहांगीर यांच्या बलाढ्य फौजांना त्याने नर्मदेच्या दक्षिणेस सुखाने बसू दिले नाही. उघड्या मैदानात समोरासमोर न लढता रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची पद्धत. त्यासाठी त्याने मराठा घोडेस्वारांना जवळ केले. शहाजीराजे भोसले याच लष्करात पुढे आले. शिवकाळाचा इतिहास अभिमानाने सांगणाऱ्या आपणा मराठी माणसांना हा हबशी सरदार परका वाटण्याचे कारण नाही.

जमिनीच्या कारभारातही त्याने नवी घडी बसविली. महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीचा कस पाहून सारा ठरविला. प्रत्यक्ष पिकलेले धान्य विचारात घेऊन आकारणी केली. कष्टकऱ्याला आपल्या शेतात पुढच्या वर्षीही आपणच असू असा भरवसा वाटावा, हा त्यामागील विचार होता. मराठी मुलुखात मलिकंबरी धाऱ्याची आठवण कित्येक पिढ्या राहिली.

आता त्याच्या नगराकडे वळू. १६१० मध्ये दौलताबादेजवळील खडकी या लहानशा गावी त्याने नवे शहर वसविण्यास आरंभ केला. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. गावाच्या नावातच खडक आहे. जमीन कठीण, खाम नदी क्षीण, उन्हाळा प्रखर. अंबरने शहराचे पुरे पाडले व सरदारांना वस्ती करण्यास सांगितले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांची. १६१२ मध्ये विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. तेथीलच काळ्या दगडाच्या मशिदी बांधल्या गेल्या. काळी मशीद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात मशिदी त्याच्या म्हणून सांगितल्या जातात. संगमरवराच्या मागे तो लागला नाही. जो दगड पायाखाली होता तोच त्याने भिंतीत बसविला.

१६१६ मध्ये मोगल सैन्याने हे नवे शहर जाळले आणि उद्ध्वस्त केले. सहा वर्षांचे श्रम मातीस मिळाले. अशा प्रसंगी सामान्य सत्ताधीशाने तटबंदी वाढविली असती, तोफा ओतल्या असत्या. अंबरनेही लष्कर सावरलेच. परंतु १६१७ च्या सुमारास त्याने जे मोठे काम सिद्धीस नेले ते भुईकोटाचे नव्हे, नहरीचे होते. शहराच्या उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगरउतारातून जमिनीखालचे पाणी शहरात आणण्याची ही योजना दरबारातील काहींना अशक्य वाटली होती, असे परंपरा सांगते.

नहर-ए-अंबरी या नावाने ती ओळखली जाते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी पावसाचे पाणी मुरते व खडकाच्या वरच्या थरातून हळूहळू झिरपत राहते. तेथे नहरीची सुरुवात. हे झिरपणारे पाणी दगडचुन्याच्या बांधीव भुयारात गोळा होते. भुयार जमिनीखाली असल्याने उन्हाने पाणी उडून जात नाही, त्यात घाण पडत नाही, आणि शत्रूला ते सहजासहजी दिसतही नाही. भुयाराला अतिशय मंद उतार दिलेला असतो. उतार जास्त झाला तर पाणी भिंती खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके ठेवलेले असतात. अंबरी नहरीवर असे शंभरहून अधिक झरोके होते. त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढू शकतो आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडते. शहरात आल्यावर पाणी हौदांत जाई व तेथून खापरी नळांनी मोहल्ल्यांत. वाटेत दगडी मनोरे असत. त्यांत पाणी एका बाजूने वर चढे, हवा सुटे, दाब निवळे आणि दुसऱ्या बाजूने ते खाली उतरून पुढे जाई. पुण्यात कात्रजच्या नळावर अशा मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणत. किती नेमका शब्द! पाणी चालता चालता जणू श्वास टाकते.

ही विद्या अंबरने शून्यातून निर्माण केली असे आम्ही म्हणणार नाही. इराणात ती पुरातन आहे, बीदरला ती आधीपासून होती, नगरचे खापरी नळ त्याने स्वतः पाहिले होते. गंमत अशी की त्याच सुमारास, १६१५ मध्ये, त्याच्या शत्रूंच्या ठाण्यात, बुऱ्हाणपूरला, मोगलांनीही कुंडी भंडारा नावाची अशीच भूमिगत योजना केली. दिवसा एकमेकांची रसद तोडणारे हे दोन पक्ष एकाच डोंगरी ज्ञानाचे विद्यार्थी होते. अंबरचे वेगळेपण यात की जळालेल्या शहरात परत येऊन त्याने पाण्याला अग्रक्रम दिला. १६२१ मध्ये मोगलांनी खडकी पुन्हा बेचिराख केली. घरे जळाली, नहर जमिनीखाली वाहत राहिली आणि लोक पुन्हा परतले.

पुढील काळात त्याच धर्तीवर त्या शहरात आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातील पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. डोंगरातून आलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवी आणि यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी पीठ दळले जाई. तेथील मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली विसावा. पाणी पिण्याचे, दळण्याचे आणि खोली गार ठेवण्याचेही. एकाच थेंबाकडून तीन कामे करून घेणारी ही काटकसर गरीब घरातील गृहिणीला लगेच समजेल.

१६१७ मध्ये पीटर वान डेन ब्रूके हा डच व्यापारी अंबरच्या छावणीत येऊन गेला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात उंचापुरा, करारी चेहऱ्याचा हबशी दिसतो. रस्ते सुरक्षित ठेवणारा, न्यायी म्हणून लोकप्रिय असलेला, आणि दारू पिणाऱ्या सैनिकास अंगावर काटा यावा अशी शिक्षा देणारा. त्याच काळात जहांगीर बादशहाने एक चित्र काढवून घेतले. त्यात तो भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडत आहे. प्रत्यक्ष रणांगणात जे साधले नाही ते बादशहाने रंगात साधून घेतले.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. फादर पेद्रो पाएझ हे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू १५८९ मध्ये गोव्याहून इथियोपियाला जाण्यास निघाले. वाटेत पकडले जाऊन सुमारे सात वर्षे येमेनमध्ये कैदेत राहिले, गलबतावर साखळदंडात वल्ही मारली, आणि शेवटी मोखा बंदरातून सुटले. ज्या बाजारात बाल चापू विकला गेला होता, तेच हे बंदर. फादर पाएझ खचले नाहीत. १६०३ मध्ये ते इथियोपियाला पोहोचलेच, आणि तेथे तलावाकाठी गोर्गोरा येथे राजासाठी त्यांनी स्वतः कारागिरांना हाताशी धरून दुमजली दगडी वाडा उभारला. आफ्रिकेचा मुलगा साखळीतून दख्खनला आला व त्याने नगर बांधले. दख्खनच्या किनाऱ्यावरून निघालेला धर्मगुरू साखळीतूनच आफ्रिकेस गेला व त्याने वाडा बांधला. दोघे जवळजवळ एकाच काळातले. त्यांना एकमेकांची वार्ताही नसावी.

पण हा योगायोग सांगून थांबलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच गोव्यात, चौलात आणि वसईत ख्रिस्ती घरांतून आफ्रिकेतील स्त्रीपुरुष गुलाम म्हणून राबत होते, आणि रविवारी त्यांचे धनी मिस्सेला जात होते. ज्या १६१० साली खडकीची पायाभरणी झाली त्याच साली संत पीटर क्लेव्हर दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात उतरले व पुढे गुलामांचे सेवक झाले. असे संत थोडे होते. बाकीच्या ख्रिस्ती जगाने डोळे मिटून घेतले होते, हे मान्य करणे आम्हाला आवश्यक वाटते.

अंबरचीही दुसरी बाजू आहे. स्वतः बाजारात उभा राहिलेला हा माणूस सत्तेवर येताच हजारो हबशी गुलाम पदरी बाळगू लागला. १६१० मध्ये, ज्याला त्याने गादीवर बसविले होते त्या जावयाशी बिनसल्यावर त्याला विषप्रयोगाने दूर केल्याचा ठपका इतिहासकार त्याच्यावर ठेवतात. आम्ही हे झाकून ठेवणार नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात तर त्याच्या नावाशी निगडित असलेले पाणी जीवन देणारे नव्हे. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजा त्याच्यावर चालून आल्या. तो नगरच्या परिसरात, भातोडी येथे सरकला. तेथे तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. वर पाऊस, खाली तलावाचे पाणी. शत्रूची छावणी चिखलात रुतली, घोडे व तोफा अडकल्या, दाणापाणी संपले. मग त्याने हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला, नामवंत सरदार कैद झाले. अंबरच्या बाजूने शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले. त्यांचे स्मारक भातोडीत आहे. दख्खनच्या इतिहासातील हा एक मोठा विजय म्हणून गणला जातो.

आम्ही काही वर्षांपूर्वी भातोडीला गेलो होतो. बांधावर उभे राहून मनात आले की ज्याने खडकीत थेंबन् थेंब जपला त्यानेच येथे एका दिवसात तलाव रिकामा केला. त्या वर्षी या गावाच्या शेतांचे काय झाले? बखरीत सेनापतींची नावे सापडतात. तलावाखालच्या कुणब्याची नाहीत. वास्तू आणि पाणी यांचे ज्ञान ज्याच्या हाती असते त्याच्या हाती लोकांचे प्राणही असतात, हे त्या बांधावर जितके जाणवते तितके पुस्तकात जाणवत नाही.

याच जिल्ह्यात आमच्या काळात फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी आयुष्य वेचले. त्यांनी राजवाडा बांधला नाही. गावकऱ्यांना सोबत घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले, झाडे लावली, म्हणजे पाणलोटाचे काम केले. २०२१ मध्ये ते प्रभूकडे गेले. डोंगरात मुरलेले पाणी हेच गावाचे खरे भांडार, हे सूत्र अंबरच्या नहरीत आहे व बाखरबाबांच्या चरांतही आहे. इतके मात्र खरे की बाबांच्या हातून कोणताही बांध फुटला नाही.

मे १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, मलिक अंबर मरण पावला. मोगल दरबाराच्या इतिहासकारानेही त्याच्या शौर्याची आणि कारभाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली. खुलताबाद येथे त्याची कबर आहे; ती त्याने हयातीतच बांधवून ठेवली होती असे सांगतात. त्याच्या पुत्राने खडकीला फतेहनगर म्हटले. अवघ्या दहा वर्षांत निजामशाही संपली. १६५३ मध्ये शहराचे नाव औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. वसविणाऱ्याचे नाव त्या शहराला कधीच मिळाले नाही.

ते केवळ नहरीला राहिले. विसाव्या शतकातही ती काही वस्त्यांना पाणी देत होती. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून शहराला पाणी येऊ लागले. धरण खाली, शहर वर. सारे पाणी विजेच्या पंपांनी चढवावे लागते, आणि अनेक वर्षे नागरिकांना काही दिवसांआड पाणी मिळत आले. नहरीच्या माथ्यावर दरम्यान घरे, दुकाने व रस्ते झाले. कोठे इमारतीच्या पायासाठी खोदताना भुयार फुटले, कोठे झरोक्यात सांडपाणी सोडले गेले. काही जाणकार नागरिक ती वाचविण्यासाठी झटत आले आहेत. हर्सूलच्या बाजूला अजून काही झरोके शिल्लक आहेत. वरचा दगड बाजूला सारून खाली डोकावले तर प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की पाणी हलताना दिसते.